मानोलच्या फाटकावरचा कागद

‘ओलं कातडं’ या आमच्या बँडबद्दल कुणी चांगलं बोललं की मला मळमळतं. गेल्या वर्षी राजधानीहून, सोफियाहून, एक मुलगी आली होती वही-पेन घेऊन. म्हणाली, तुम्ही ऱ्होडोपीच्या डोंगरातलं जुनं संगीत जगापुढे नेलंत, त्याबद्दल सांगा ना. मी म्हटलं, बाई, जरा बाजूला हो, मागे झेरॉक्सचं गिऱ्हाईक उभं आहे. तिला वाटलं मी विनय करतोय. विनय कसला डोंबलाचा! मला खरोखर किळस आली होती, तिची नव्हे, आमची.

मी राडोय. स्मोल्यानच्या बसस्टँडसमोर माझं छपाईचं दुकान आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, शिक्के, आणि मुख्य धंदा म्हणजे मयताचे कागद. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा कागद निघतो: काळी चौकट, वर फोटो, खाली नाव, वय आणि दुःखाच्या दोन ओळी. तो बसथांब्यावर लागतो, विजेच्या खांबांवर लागतो, दुकानांच्या दारांवर लागतो, पण सगळ्यात आधी लागतो तो मेलेल्याच्या स्वतःच्या फाटकावर. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. अठरा वर्षं मी हे छापतोय. आणि त्याहूनही जास्त वर्षं शनिवार-रविवार ओल्या कातड्यात ढोल बडवलाय.

पण माझं राहू द्या. सांगायचंय ते मानोलकाकांचं.

मानोल चौशेव, गाव कोझारी. बत्तीस वर्षं रस्त्याच्या टोळीत डांबर घातलं. हातांच्या रेषांत ते डांबर असं बसलं होतं की पेन्शन लागून दहा वर्षं झाली तरी निघालं नव्हतं. आणि त्याच हातांनी ते गाइडा वाजवत. बकऱ्याचं अख्खं कातडं मीठ-तुरटीत मुरवायचं, केस आतल्या बाजूला करून पिशवी करायची, तिला नळ्या बसवायच्या. ती काखेत दाबली की आमच्या डोंगरात जो खर्जातला घोगरा सूर निघतो तो दुसरीकडे कुठे निघत नाही. काका बोलायला खवचट, उंचीला बेताचे, आणि कुणी वाजवण्याची स्तुती केली तर म्हणायचे, ‘बकऱ्याला सांग, जीव त्याचा गेलाय.’

त्या खोऱ्यातली नवरी मानोलच्या गाइड्याशिवाय बापाच्या घरातून निघत नसे. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत एक संथ चाल वाजते, नवरी तिच्यावर पावलं टाकत येते, आया रडतात, बाप नाक शिंकरतात. चाळीस वर्षं काकांनी लोकांच्या मुली अशा बाहेर काढल्या. आणि त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी एका ट्रकवाल्याबरोबर स्पेनच्या बसमध्ये बसून निघून गेली, ना लग्न ना वाजंत्री. जाताना चार वर्षांची स्नेझा बापाच्या गळ्यात टाकून गेली. बायको आधीच वारलेली. काकांनी नातीची वेणी घालायला शिकून घेतलं, ताप आला की रात्र-रात्र बसले, शाळेच्या बाईंशी भांडले. आणि एकच सांगत आले: पोरीला वाजवायचं राहिलं, पण हिला मी वाजवून काढणार. गावात लहानथोर सगळ्यांना हे ठाऊक होतं.

आता आमच्या दिव्य बँडकडे येऊ. त्याचा मालक, चालक आणि देव म्हणजे कालोयान, आम्ही कालो म्हणतो. इंजिनियरचा मुलगा, केस कमरेपर्यंत, हातात गिटार, आणि बोलणं असं की समोरचा स्वतःचा कोट काढून देईल. लोकसंगीत आणि रॉक यांची खिचडी करायची आणि वर गुंगीची फोडणी द्यायची, त्याला शहाणे लोक सायकेडेलिक म्हणतात. आम्ही चौघं होतो. कालोनेच कोझारीला जाऊन काकांना पाचवं केलं.

पहिला अल्बम आम्ही बंद पडलेल्या शिशाच्या खाणीत, बोगद्यात बसून केला. काकांनी गाइडा फुगवला, पहिला सूर आत गेला आणि डोंगराच्या पोटातून परत आला. आम्ही चौघं वाजवायचं विसरून बसलो. त्या दिवशी जे झालं ते खरं होतं. त्यात आमचं कर्तृत्व शून्य, पण खरं होतं. अल्बमच्या कव्हरवर आम्ही काकांचा चेहरा छापला, नुसता चेहरा, बाकी काही नाही. हॉलंडमध्ये तो विकला गेला आणि तिथून आमच्या डोक्यात हवा शिरली.

दुसऱ्या अल्बममध्ये कालोने गाइडा उलटा वाजवून टाकला, म्हणजे फीत उलटी फिरवून. काकांनी ऐकलं आणि विचारलं, ‘सुलट जमलं नाही का रे तुला?’ मग जर्मनीतल्या एका जत्रेत जुलैच्या उन्हात त्यांना मेंढीचं कातडं पांघरून उभं केलं. शेजारी कापलेला खराखुरा बकरा टांगला होता, कालोच्या कल्पनेतून. तीन दिवस कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून टाळ्या वाजवत होती आणि घोंघावणाऱ्या माश्यांनाही कालो संगीत म्हणत होता. शी! आठवलं तरी जेवण जात नाही. मग दह्याची जाहिरात आली. मग बर्फावर घसरायला येणाऱ्या परदेशी लोकांच्या हॉटेलात, जुगाराच्या टेबलांशेजारी वाजवणं आलं. ऑर्गनवाला कंटाळून बेल्जियमला फरशा बसवायला गेला. कालोने टोपीला मोराची पिसं लावली. माणूस आतून रिकामा झाला की बाहेर पिसं लावतो. काका तेवढं हॉटेलात आले नाहीत. म्हणाले, मला बर्फात दम लागतो. त्यांना कशातच दम लागत नव्हता.

दोनदा आम्ही ‘अखेरचा कार्यक्रम’ केला. दोन्ही वेळा वर्षभरात पुन्हा उभे राहिलो, लाज कोळून प्यायल्यासारखे. तिसऱ्या वेळी कालो माझ्या दुकानात आला तो ऑक्टोबर होता. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, या वेळी बँड खरंच मरणार, एकविसाव्या वर्षी. तर मग मेल्यासारखाच मरू दे. जाहिरात मयताच्या कागदासारखी कर.

मी हसलो. हे लपवणार नाही, मी खो खो हसलो. मला कल्पना आवडली. साचा माझ्या संगणकात तयारच होता, फोटो तेवढा बदलायचा. आणि फोटो कुठला? पहिल्या अल्बमचा. मानोलकाकांचा चेहरा काळ्या चौकटीत, मोठ्ठा. खाली बारीक अक्षरांत: ‘वयाच्या एकविसाव्या वर्षी आमच्यातून निघून जात आहे आमचं ओलं कातडं. अखेरचा निरोप शनिवारी सात वाजता, सांस्कृतिक भवन.’ तेव्हाही चौदा वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं की असल्या कागदावर लोक फोटो बघतात, छातीवर क्रॉस करतात आणि पुढे जातात. बारीक अक्षरं कुणीही वाचत नाही. मला हे कळत होतं. तरी मी तीनशे प्रती काढल्या.

शहरात लोक हसले. पण कालोचं तेवढ्यावर भागेना. तो गाडी काढून कोझारीला गेला. बसथांब्यावर कागद लावला, वाणसामानाच्या दुकानावर लावला, आणि शेवटी मानोलकाकांच्या फाटकावर लावून त्याचा फोटो काढला, इंटरनेटवर टाकायला. काका तेव्हा परसात होते. स्नेझाचं लग्न एकोणीस दिवसांवर आलं होतं आणि ते त्यासाठी नवं कातडं मुरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात दोन-दोन फुलं. जिवंताला एक किंवा तीन देतात, सम आकडा फक्त मेलेल्याला. दार उघडलं ते स्वतः काकांनी, कोपरापर्यंत मीठ माखलेलं. एकीच्या हातून फुलं पडली. शेजारची फीमा तर साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन आली होती. ते मेलेल्याच्या नावाने वाटायचे असतात आणि इतरांनी खायचे असतात. घडलं काय हे काकांना फाटकावरचा कागद बघून कळलं. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा करता. हे म्हातारं खवचट. फीमाच्या वाडग्यात चमचा घातला, घासभर गहू खाल्ले आणि म्हणालं, ‘साखर कमी पडली. माझ्यासाठी एवढीही निघाली नाही का गं?’

बायका हसल्या, पण हसता हसता छातीवर क्रॉस करत मागे सरल्या. तो एक घास नडला.

मला दुपारी कळलं. मी पत्रा घासायची सुरी घेऊन धावत गेलो आणि कागद खरवडून काढले. माफी मागायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, फोटो बरा आहे, खराखुरा छापशील तेव्हा हाच घाल. त्यांना वाटलं संपलं. मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी स्नेझाची होणारी सासू आली. केरा तिचं नाव, पलीकडच्या गावात शिवणकामाचा कारखाना चालवते, चाळीस बायका हाताखाली, आवाज कधी चढत नाही. ती बसली, कॉफी घेतली नाही, आणि शांतपणे म्हणाली, ‘कागद लागला. गहू आले. आणि तुम्ही ते खाल्लेत, मानोल. चाळीस दिवस या घरात वाजवायचं नसतं. माझी सून मेलेल्याच्या फुंकेवर बाहेर यायची नाही.’

‘अगं पण मी मेलो नाही,’ काका म्हणाले.

‘ते मला दिसतंय. पण लागलं ते लागलं.’

दुसऱ्या दिवशी पाद्री तिच्याकडे जाऊन आला, हे सगळं थोतांड आहे म्हणून सांगून आला. तिने त्याला जेवू घातलं आणि शब्द मागे घेतला नाही. लग्न पुढे ढकलावं, तर लग्नानंतरच्याच आठवड्यात नाताळचा उपास लागत होता, त्यात लग्नं होत नाहीत. शिवाय मुलीची आई स्पेनहून नऊ दिवसांच्या सुट्टीवर येणार होती. आणि स्नेझाला चौथा महिना होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. स्नेझा बिथरली. आजोबा वाजवणार नसतील तर मला असलं सासर नको, म्हणून तिने अंगठी काढून फ्रिजवर ठेवली.

ती अंगठी काकांनी परत घालायला लावली. कसं, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा अंगणात उभा होतो आणि आतून फक्त त्यांचा आवाज येत होता, बराच वेळ, एका पट्टीत. बाहेर आले तेव्हा म्हणाले, ‘पोरगं चांगलं आहे. आईचं डोकं पोराच्या गळ्यात कशाला बांधायचं?’ आणि परसात जाऊन मिठातलं कातडं दोरीवर वाळत टाकलं. आता ते कडक होऊन फुकट जाणार होतं.

इथे खरं तर आम्ही तोंड लपवून घरी बसायला हवं होतं. पण कालो! कालोला उपाय सुचला. पहिल्या अल्बमसाठी बोगद्यात काकांनी ती नवरीची चालही वाजवली होती आणि तो भाग गिटारीशिवाय त्याच्याकडे होता. तो थेट केराकडे गेला आणि विचारलं, हे लावलं तर चालेल? आणि केराला ते चाललं! का, तर तो आवाज कागद लागण्याआधीचा, जिवंतपणीचा. म्हणजे माणूस समोर बसलाय, कॉफी पितोय, तो मेलेला. आणि डब्यातला आवाज तेवढा जिवंत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लाउडस्पीकर कुणाचा होता? माझा. नेला कुणी? मीच.

आमचा तो शेवटचा कार्यक्रम मधल्या शनिवारी झाला. साठ माणसं आली, त्यांतली अर्धी कालोची नातेवाईक. काका आले नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंगण भरलं होतं. काका काळी बंडी घालून भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. हात मांडीवर, काय करावं न सुचल्यासारखे. त्यांची मुलगी स्पेनहून आली होती आणि बापाच्या शेजारी बसायचा धीर न होऊन इकडून तिकडे खुर्च्या हलवत होती. फाटकाशी तांब्याची घागर ठेवलेली, पाण्याने भरलेली, वर झेंडूची फुलं. नवरीने ती पायाने उलथायची असते. पाणी सगळं सांडलं की पुढचं आयुष्य सरळ जातं म्हणतात. लाथ कधी मारायची ते गाइडा सांगतो. चाल एका जागी खाली उतरते, थांबते, तोच क्षण. नवरी त्याच्यासाठी कान लावून चालते.

स्नेझा उंबऱ्यावर आली. कालोने मला खूण केली आणि मी बटण दाबलं.

आवाज आला, बोगद्यातला, वीस वर्षांपूर्वीचा. पाठीवर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू. काकांनी मान खाली घातली. पण त्या तुकड्याची लांबी होती अडीच मिनिटं आणि ती चाल उतरते त्याच्या आधीच आम्ही अल्बमसाठी गिटार घुसवली होती, म्हणून तिथे कापलेला. स्नेझा अर्ध्या अंगणात आली, आवाज संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ती गोंधळली, पण चालत राहिली. दुसऱ्यांदा संपला, तिसऱ्यांदा सुरू झाला. मधे एका जागी काकांचा श्वास तुटलेला होता, पिशवीतली हवा कमी पडून सूर किंचित डळमळला होता. बोगद्यात तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. आता तो दर वेळी तिथेच डळमळत होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

काका बाकावरून उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘बंद कर ते, राडोय. मेलेला माणूससुद्धा तीच चूक तीनतीनदा करत नाही.’

मी बंद केलं.

अंगण असं गप्प झालं की घागरीवरच्या फुलांवर बसलेली मधमाशी ऐकू यावी. स्नेझा घागरीसमोर येऊन उभी राहिली. पाय पुढे करेना. तिला त्या सुराची वाट बघायची सवय लहानपणापासूनची, दुसऱ्यांच्या लग्नांत नवरीच्या मागे चालून चालून. केरा फाटकाबाहेर ओठ मिटून उभी होती. नवरा मुलगा घामाघूम झाला होता. कुणालाच कळेना पुढे काय करायचं.

काका नातीच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभे राहिले, नेहमी वाजवणारा उभा राहतो तिथे. काखेत काही नव्हतं. ते थांबले. चाल त्यांच्या डोक्यात चालली असणार, कारण बराच वेळ थांबले, बरोबर तेवढाच वेळ. मग रोजच्या साध्या आवाजात, ‘भाकरी झाली’ म्हणावं तसं म्हणाले, ‘आता.’

स्नेझाने लाथ मारली. पाणी फाटकापार रस्त्यावर गेलं, केराच्या बुटांवरूनही गेलं. काकांची मुलगी तोंडात पदर कोंबावा तशी शालीचं टोक कोंबून रडत बसली. काका घरात निघून गेले आणि मी लाउडस्पीकरची वायर गुंडाळत राहिलो.

मानोलकाका त्यानंतर दोन वर्षं जगले. गाइडा पुन्हा वाजवला नाही. चाळीस दिवस उलटल्यावर खोऱ्यात आणखी तीन लग्नं झाली, लोक बोलवायला आले, त्यांनी हात जोडले. ‘ज्याच्यासाठी शिकलो ते झालं,’ म्हणायचे, ‘आता बकऱ्यांना जगू द्या.’ स्नेझाला मुलगा झाला, त्याला ते मांडीवर घेऊन शिट्टीवर गाणी ऐकवत.

इथे थांबलो असतो तर मीही जरा बऱ्या तोंडाने सांगितलं असतं. पण त्या दिवशी अंगणात कालोचा फोन सुरू होता. त्याने सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं: ती शांतता, स्नेझाची पावलं, काकांचा तो एक शब्द, पाणी. काका गेल्यावर सहा महिन्यांनी त्याने त्यातून गाणं केलं. अकरा मिनिटांचं. ‘आता’ हा शब्द त्यात दोनशेहून जास्त वेळा येतो, कधी उलटा, कधी लांबवलेला, कधी बोगद्यातून आल्यासारखा. सोफियाहून आलेल्या त्या मुलीला तेच आमचं सर्वोत्तम काम वाटतं. ती म्हणाली, त्यातला ढोल काय सुंदर आहे, जणू कुणाच्या तरी छातीत वाजतोय.

कालोने फोन केला होता, राडोय, ये ना, एकच दिवस लागेल. मी दुकान बंद केलं आणि गेलो. तो ढोल मीच वाजवलाय.